कोकण किनाऱ्याची शरद सफर : रस्ता वाढतोय, मग ताटातला मासा लहान का होतोय?

गणपतीला गावी आलेले मुंबईकर परतलेत. दिवाळीच्या सुट्ट्या अजून लागायच्या आहेत. सड्यावरचं हिरवं गवत पिवळं पडू लागलंय, खालच्या मळ्यात भातकापणी चाललीय आणि चार महिने खवळलेला समुद्र शांत झालाय. कोकणातले हे मधले दिवस. दुपारी ऑक्टोबर हीट घाम काढते, पण सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर हवा छान असते. हॉटेलात खोली मिळते, जेवायला रांग नसते.

या दिवसांत कोकणात फिरायला कोणाला जमतं? ज्यांना रजेचा अर्ज भरावा लागत नाही, त्यांना. म्हणजेच निवृत्त मंडळींना.

समजा, ठाण्यातले असेच एक काका-काकू आठ-दहा दिवस काढून गाडीने निघालेत. घाई नाही, मुंबई-गोवा महामार्गाचा कंटाळा आलाय, त्यामुळे ठरवलंय की अलिबागपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानेच जायचं आणि रोज वेगळ्या गावात मासे खायचे.

बेत फक्कड आहे. पण या एका प्रवासात कोकणातल्या सध्याच्या तीन मोठ्या गोष्टी समोर येतात. किनाऱ्यावरचा रस्ता बदलतोय, समुद्रातली मासळी बदलतेय आणि शरदातलं हवामानही बदलतंय. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते जरा नीट समजून घेऊ.

आधी रस्ता : रेवस ते रेड्डी

रेवस हे अलिबाग तालुक्यातलं बंदर, तर रेड्डी हे गोव्याच्या सीमेजवळचं वेंगुर्ले तालुक्यातलं गाव. या दोन टोकांना किनाऱ्याने जोडणारा सागरी मार्ग असावा ही कल्पना बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०-८२ मधली. सुमारे ५०० किलोमीटरचा हा रस्ता गेली चार दशकं तुकड्यातुकड्यांनी तयार होतोय.

इतका वेळ लागायचं कारण नकाशा पाहिला की कळतं. कोकणचा किनारा सलग नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या तयार करतात. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशी ही यादी लांबते. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घालून कित्येक किलोमीटर जावं लागतं.

म्हणून आज हा प्रवास फेरीबोटींच्या भरवशावर होतो. कोकणात तिला 'जंगलजेट्टी' म्हणतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी गाडी बोटीत घालायची आणि पलीकडे उतरायचं. दाभोळची सेवा २००३ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला यायलाही २०२० पासून रो-रो बोट आहे.

आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ या सागरी मार्गाचं काम पुढे नेतंय. रेवस-करंजा, रेवदंडा-साळाव, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर मोठे पूल व्हायचे आहेत. त्यातला बाणकोटचा पूल वर्षानुवर्षं रखडल्यामुळे त्या भागात चेष्टेचा विषय झाला होता.

हे पूल झाले की काय होईल? रेवस-करंजा पुलाने अलिबाग थेट उरणला जोडलं जाईल. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्याने उरण आधीच मुंबईच्या जवळ आलंय. म्हणजे मुंबईकराला अलिबागच नव्हे, तर मुरूड-दिवेआगरही उंबऱ्यावर येईल.

स्थानिकांसाठी ही सोय मोठी आहे. रात्री-अपरात्री पेशंटला पलीकडच्या हॉस्पिटलात न्यायचं तर फेरीबोट बंद झालेली असते. कॉलेजला जाणारी मुलं आणि आंब्याच्या पेट्या यांना आज खाडी आडवी येते. त्यामुळे 'पूल कशाला, जंगलजेट्टीतच मजा आहे' हे म्हणणं चार दिवसांच्या पाहुण्याला परवडतं, गाववाल्याला नाही.

पण रस्त्याबरोबर पर्यटक वाढणार. आणि कोकणात आलेला पर्यटक पहिला प्रश्न विचारतो, "जेवायला काय आहे?"

शरदातच मासे का खायचे?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पश्चिम किनाऱ्यावरच्या इतर राज्यांतही साधारण याच सुमारास बंदी असते, तारखा मात्र थोड्या वेगळ्या असू शकतात. समुद्र खवळलेला असतो, म्हणून जिवाची काळजी हे एक कारण. दुसरं म्हणजे अनेक जातींच्या माशांचा हा विणीचा काळ. त्यांना अंडी घालायला आणि पिल्लांना वाढायला थोडी उसंत मिळावी, हा हेतू.

पावसाळ्यात नद्या डोंगरातली माती आणि पोषक द्रव्यं समुद्रात आणतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती आणि जीव वाढतात. ते खायला तारली, बांगड्यांचे थवे येतात आणि त्यांच्या मागावर सुरमईसारखे शिकारी मासे. म्हणून नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या बाहेर पडतात, तेव्हा कोळ्यांना भरल्या जाळ्याची आशा असते.

गिऱ्हाइकाचंही एक पंचांग असतं. श्रावण पाळणारे गणपती होईपर्यंत मासे खात नाहीत. मग पितृपक्ष आणि नवरात्र येतं. दसरा झाला की घराघरांतून मासळीबाजाराकडे पावलं वळतात. त्यामुळे दसऱ्यानंतरचे दिवस म्हणजे ताजी मासळी, शांत समुद्र आणि पर्यटकांची गर्दी नाही असा योग.

काका-काकू हर्णैला पोचले तर त्यांना तो योग डोळ्यांनी पाहता येईल. तिथे किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. बोटी थोड्या आत उभ्या राहतात, माल किनाऱ्यावर उतरतो, वाळूत ढीग लागतात आणि बोली सुरू होते. पुढे रत्नागिरीत मिरकरवाडा, मग देवगड, मालवण, वेंगुर्ले. रायगडात कोळी, रत्नागिरीत खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत, अशा वेगवेगळ्या समाजांचं पोट या बंदरांवर चालतं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण थाळीच्या बोर्डावर दिसते. बांगडा थाळी, कोळंबी थाळी यांच्यापुढे आकडा लिहिलेला असतो. पापलेट आणि सुरमईपुढे अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, 'साइजप्रमाणे'. आणि ताट समोर आल्यावर जुने खवय्ये हमखास म्हणतात, "पूर्वी एवढं पापलेट आम्ही घेतच नव्हतो."

हा केवळ म्हातारपणीचा 'आमच्या वेळी' छाप सूर नाही. सरकारलाही याची दखल घ्यावी लागली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता, कारण पापलेट कमी होत चाललंय हे त्यांना जाळ्यात दिसत होतं. त्याच सुमारास राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचाही नाही. चंदेरी पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर आहे.

यामागचा हिशोब सरळ आहे. माशाने आयुष्यात निदान एकदा तरी अंडी घातली पाहिजेत. त्याआधीच तो पकडला गेला तर पुढच्या वर्षीचा मासा येणार कुठून? तळहाताएवढं पापलेट खाणं म्हणजे बियाणंच शिजवून खाणं.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ मध्ये ती २.०१ लाख टनांवर आली. ही ४५ वर्षांतली नीचांकी नोंद होती. अर्थात एका वर्षावरून निष्कर्ष काढता येत नाही. मासळीचे आकडे वर खाली होत असतात आणि त्या वर्षी वादळांमुळे बोटी बरेच दिवस बंदरातच होत्या. पण एका वर्षात एक तृतीयांश घट होऊ शकते, हे तरी त्यातून दिसलं.

पर्ससीन, एलईडी आणि रापण : भांडण नेमकं कशाचं?

मालवणच्या किनाऱ्यावर नशीब असेल तर काका-काकूंना रापण ओढताना दिसेल. होडीतून जाळं अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरची माणसं मिळून ओढतात. जे मिळेल त्याचे वाटे होतात. या जाळ्याची पोच किनाऱ्यालगतच्या पाण्यापुरती. मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापणकराला काही मिळणार.

आता पर्ससीन जाळं पाहा. माशांच्या अख्ख्या थव्याला मोठ्या जाळ्याने वेढा घालायचा आणि मग बटव्याची नाडी ओढावी तसं जाळं खालून आवळायचं. एका फेऱ्यात टनांनी मासा येतो. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, त्यात मोठ्या माशांबरोबर पिल्लंही येतात. एलईडी मासेमारीत जनरेटरवर प्रखर दिवे लावून मासा उजेडाकडे ओढला जातो.

म्हणजे भांडण नुसतं 'पारंपरिक विरुद्ध आधुनिक' असं नाही. थवा किनाऱ्याजवळ यायच्या आतच कोणी उचलून नेला, तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने काय करायचं, असा हा प्रश्न आहे.

कायदे आहेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती करून दंड वाढवले गेले. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले. त्यानुसार राज्याच्या सागरी हद्दीत १ जानेवारी ते ३१ ऑगस्ट या काळात पर्ससीन बंद आणि परवान्यांच्या संख्येवर मर्यादा. एलईडी मासेमारीवर तर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पर्ससीनला परवानगी असलेले महिने आहेत सप्टेंबर ते डिसेंबर. म्हणजे नेमका शरद. ज्या दिवसांत पर्यटक कोकणात यायला लागतो, ज्या दिवसांत बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ येतो, त्याच दिवसांत सगळ्यात मोठी जाळी पाण्यात असतात. वर्षाची बेगमी करायला रापणकराकडे आणि छोट्या होडीवाल्याकडे हेच चार महिने असतात.

दुसरी अडचण हद्दीची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राची जबाबदारी. समुद्रात कुंपण नसतं. परराज्यातले वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गच्या हद्दीत घुसतात, ही तक्रार तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं करत आलेत. गस्तीनौका मोजक्या आणि किनारा लांब. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०२५ पासून राज्याने ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय झाला, ज्यामुळे वीजदर आणि कर्जाच्या सवलती शेतकऱ्यांप्रमाणे मिळायचा मार्ग खुला झाला.

मात्र कर्जाची सोय झाली म्हणून समुद्रातला मासा वाढत नाही. स्वस्त कर्जातून आणखी मोठी बोट आणि आणखी मोठं इंजिन येणार असेल, तर उलटच होईल.

शरदाचा भरवसा राहिलाय का?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्र शांत असतो, हा जुना अनुभव. पण हाच काळ मान्सूननंतरच्या चक्रीवादळांचाही असतो. २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या शेवटी 'क्यार' आणि लगेच नोव्हेंबरच्या सुरुवातीला 'महा' अशी दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात लागोपाठ आली. दोन्ही कोकणावर थेट आदळली नाहीत, तरी ऐन हंगामात बोटी बंदरात अडकल्या आणि कापणीला आलेलं भात पावसात भिजलं. पुढे जून २०२० मध्ये 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गेलं.

अरबी समुद्राचं पाणी तापत चाललंय आणि त्यामुळे इथली वादळं वाढताहेत, असं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. पाणी तापलं की मासळीचंही गणित बदलतं. तारलीसारखा मासा तापमानाला फार संवेदनशील असतो. केरळमध्ये २०२१ साली तारलीची आवक अवघ्या ३,२९७ टनांवर आली होती, तर २०१२ मध्ये तीच साडेतीन लाख टनांच्या वर होती.

पर्यटकाला वादळाचा फटका म्हणजे एक रद्द झालेलं बुकिंग. मच्छीमाराने मात्र डिझेल आणि बर्फ भरलेला असतो, खलाशांना उचल दिलेली असते. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की हा खर्च तसाच अंगावर राहतो.

पर्यटकाच्या ताटाचा समुद्राशी काय संबंध?

इथे रस्ता आणि मासा एकमेकांना भेटतात.

कोकणात आलेल्या दहा माणसांपैकी आठ जणांनी पापलेट, सुरमई आणि कोळंबीच मागितली, तर हॉटेलवाला तीच ठेवणार. स्थानिक बंदरात ती मिळाली नाही तर गोवा, कर्नाटक किंवा गुजरातकडून बर्फातली मागवणार. किंवा लहान मिळाली तर लहानच वाढणार. म्हणजे समुद्रकाठच्या खानावळीत बसून माणूस शेकडो किलोमीटरवरून आलेला मासा खातो आणि त्याच वेळी बाहेर टोपलीत ताजे बांगडे गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात.

पूल झाल्यावर हे दोन्ही बाजूंनी वाढेल. पर्यटक लवकर येतील आणि बंदरातला चांगला माल मुंबईला लवकर जाईल. मच्छीमाराला भाव चांगला मिळेल ही त्यातली जमेची बाजू. पण भाव वाढला की जास्त पकडायचा मोहही वाढतो. रस्ता बांधणारं खातं वेगळं, पर्यटन वेगळं आणि मत्स्यव्यवसाय वेगळं. किती पर्यटक येतील याचा अंदाज बांधला जातो, पण त्यांच्या ताटात वाढायला समुद्रात किती मासा उरेल, हा प्रश्न त्या अंदाजात सहसा नसतो.

मग या सफरीला जाणाऱ्याने काय करावं?

कोकणात जाऊ नये, मासे खाऊ नयेत, असा याचा अर्थ अजिबात नाही. निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि इथे त्याचाच उपयोग आहे.

पहिलं म्हणजे मेन्यूकार्ड बाजूला ठेवून विचारा, "आज काय आलंय?" बांगडा, तारली म्हणजेच पेडवे, मांदेली, सौंदाळे, मुडदुशे, खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं यातलं काहीतरी असतंच. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी हे मालवणचं रोजचं जेवण आहे. ते पापलेट फ्रायपेक्षा स्वस्त पडतं आणि त्याचा पैसाही बहुधा गावातच राहतो.

दुसरं, तळहातात मावणारं पापलेट ताटात आलं तर ते परत करा आणि का परत करताय तेही सांगा. लहान मासा विकणं नियमाविरुद्ध आहे हे हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकू येऊ दे.

तिसरं, घरगुती खानावळीत जेवणार असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. बाजारातून हवा तेवढाच मासा आणला जातो, वाया जात नाही.

चौथं, जंगलजेट्टीच्या वेळा आधी विचारून घ्या आणि हवामान खात्याचा इशारा असेल तर बेत दोन दिवस पुढे ढकला. नोकरदाराला ते जमत नाही, तुम्हाला जमतं.

गाडी चालवणं झेपत नसेल तर एसटी आहेच. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट लागतं. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली, ती कोकण रेल्वेच्या प्रवाशालाही मिळत नाही.

थोडक्यात सांगायचं तर...

रेवस-रेड्डी मार्ग पूर्ण झाला की आज आठ दिवसांची वाटणारी ही सफर चार दिवसांत होईल. ते होणं गरजेचंही आहे, कारण खाडीपलीकडच्या माणसाला हॉस्पिटल आणि कॉलेज जवळ यायला हवं. पण ज्या ताटासाठी लोक एवढ्या लांब येतात ते ताट भरणारा समुद्र त्याच वेगाने मोठा होत नाही. ६१ दिवसांची बंदी, किमान आकाराचा नियम आणि पर्ससीन-एलईडीवरचे निर्बंध कागदावर आहेत. ते पाण्यात किती उतरतात, यावर पुढच्या पिढीतल्या काका-काकूंना रेड्डीपर्यंतच्या रस्त्यावर काय खायला मिळेल हे ठरणार आहे.